पगारात आयफेल टॉवर

आमच्या पगाराचा एक हिस्सा आयफेल टॉवरच्या रूपात मिळतो. कधी बिग बेन, कधी बुर्ज खलिफा. हा हिस्सा बँकेत जमा होत नाही, त्यावर घराचं कर्ज मिळत नाही, त्यातून प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही. पण पगारवाढीचा विषय निघाला की तोच सगळ्यात आधी पुढे केला जातो. ‘अहो, तुम्हाला जग बघायला मिळतं की!’ असं कंपनीच्या एचआरमधले साहेब म्हणतात, डोंबिवलीची माझी आत्या म्हणते आणि विमानात नवव्या तासाला ज्याला मी तिसरा चहा देते तो 34 सी वरचा प्रवासीही म्हणतो. तिघांची एकमेकांशी ओळखदेख नाही, पण वाक्य तेच आणि ते म्हणतानाचा चेहराही तोच.

मी केबिन क्रू आहे. लोकांच्या भाषेत एअर होस्टेस, आणि माझ्या एका चुलतसासऱ्यांच्या भाषेत ‘विमानात वाढपी’. वाढपी म्हटल्याचा मला राग नाही. पंगतीत वाढणं हे कष्टाचं काम आहे आणि वाढप्याला ‘तुला काय, रोज श्रीखंड बघायला मिळतं’ असं सांगून कुणी त्याची मजुरी कापत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लेओव्हरमधलं, म्हणजे परगावच्या मुक्कामातलं, फिरणं ही सवलत नाही, बक्षीस नाही, आणि मोबदला तर अजिबातच नाही. लेओव्हर हा ड्यूटीचाच एक तुकडा आहे. परतीच्या विमानात दाराशी जागं आणि ठिकाणावर डोकं असलेलं माणूस असावं म्हणून कंपनीला नियमाने द्यावी लागणारी ती विश्रांती आहे. त्या वेळात मी झोपेन, छताकडे बघत पडेन नाहीतर टेम्सच्या काठाने चालेन. तो माझा प्रश्न. पण त्या चालण्याची किंमत माझ्याच पगारातून वळती करायची आणि वर मलाच नशीबवान म्हणायचं, ही शुद्ध चलाखी आहे. आणि ती आजची नाही.

एसटीची मुक्कामी गाडी आठवून बघा. रात्री साडेनवाला गाडी गावात पोचते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत, ग्रामपंचायतीच्या खोलीत नाहीतर गाडीतच पथारी टाकतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत निघतात. महाबळेश्वरला मुक्कामी जाणाऱ्या कंडक्टरला ‘मजा आहे बुवा, फुकट महाबळेश्वर!’ असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणणाऱ्याने तिकिटाचं मशीन डोक्यात बसायची तयारी ठेवावी. आमचा मुक्काम त्याच जातीचा. गादी मऊ असते, न्याहारीला चार प्रकारची चीज असतात, हे मान्य. पण मुक्काम तो मुक्काम.

मग कंडक्टरला जे कुणी म्हणत नाही ते आम्हाला का म्हणतात? कारण आमचं काम पहिल्यापासून काम म्हणून विकलंच गेलं नाही. 15 मे 1930 रोजी एलन चर्च नावाची परिचारिका अमेरिकेत बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली. ती जगातली पहिली स्ट्युअर्डेस. तिला खरं तर विमान चालवायचं होतं. ते कुणी देईना, तेव्हा तिने दुसरा मार्ग सुचवला की उडायला घाबरणाऱ्या प्रवाशांसाठी विमानात नर्स ठेवा. कंपनीला हे पटलं, आणि अटी लगेच तयार झाल्या. मुलगी अविवाहित हवी, पंचविशीच्या आतली हवी आणि वजनाने हलकी हवी. त्या पहिल्या मुली जेवण वाढायच्या, सामान चढवायच्या आणि वेळ पडली तर विमान ढकलून हँगरमध्ये लावायलाही हात लावायच्या. जाहिरातीत मात्र नुसतं हसू.

1953 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम केला की बत्तिशी गाठली की हवेतली नोकरी संपली. आपल्याकडे एअर इंडियात पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी आणि पहिल्या गरोदरपणात पुन्हा घरी, अशी नियमावली होती. नर्गिस मिर्झा आणि तिच्या सहकारिणी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या. 1981 च्या निकालात न्यायालयाने गरोदरपणाची अट अत्यंत कडक शब्दांत रद्द केली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायमूर्तींना वाजवी वाटली. बारा वर्षं लग्न टाळायला सांगितलं असतं तर कदाचित अजून वाजवी वाटलं असतं, कोण जाणे!

या नियमांकडे लोक बाईवरचा अन्याय म्हणून बघतात, आणि तो तर आहेच. पण त्याच्या पोटात एक हिशेबही आहे. वीस वर्षं टिकणाऱ्या कर्मचाऱ्याला बढती द्यावी लागते, ग्रॅच्युइटी द्यावी लागते, त्याच्या पाठदुखीची आणि बाळंतपणाची सोय बघावी लागते. लग्नाआधी चार वर्षं जग बघून येणाऱ्या मुलीला यातलं काहीच द्यावं लागत नाही. सहलीला आलेल्याला कुणी पेन्शन देतं का? नोकरीला सहलीचं रूप दिलं की पगार आपोआप खर्चाचे पैसे होतात.

या सहलीचं वर्णनही आमच्या नावावर खपवलं गेलं. 1967 मध्ये अमेरिकेत ‘कॉफी, टी ऑर मी?’ नावाचं पुस्तक आलं. दोन स्ट्युअर्डेसच्या बेधडक आठवणी, गावोगावचे मुक्काम, पार्ट्या, पुरुष, असा मसाला होता. पुस्तक तुफान खपलं, आणि लेओव्हर म्हणजे काय हे जगाला त्यावरून कळलं. पुढे उघड झालं की त्या नावांच्या लेखिका नव्हत्याच. पुस्तक लिहिलं होतं डॉनल्ड बेन नावाच्या गृहस्थाने, आणि हे गृहस्थ एका विमान कंपनीच्या जनसंपर्क खात्यात काम करत होते. जी मौज आमच्या वाट्याला येते असं माझ्या आत्याला वाटतं, ती मूळची एका पीआरवाल्याच्या टाइपरायटरवरची. बाईंनी फक्त मुखपृष्ठापुरतं यायचं होतं.

आता लेओव्हर खरोखर कसा असतो ते बघा. मुंबईहून लंडनचं विमान पहाटे अडीचला सुटतं असं धरा. त्यासाठी डोंबिवलीहून रात्री साडेदहाला गाडी घ्यायला येते. दुपारी झोपून घ्यावं असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. ट्रेनिंग देणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर बहुतेक टाइल्स बसवायचं काम चालू नसावं. मग ग्रूमिंग, ब्रीफिंग, विमानात चढून फायर एक्स्टिंग्विशरपासून ऑक्सिजनच्या बाटल्यांपर्यंत सगळी तपासणी, बोर्डिंग, आणि दहा तास. मधे छतावरच्या बंकात दोन-अडीच तास पडायला मिळतं. पडायला म्हणते मी, झोपायला नव्हे. हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली असतो. दाब जमिनीवरचा नसतो. विमानाच्या प्रकाराप्रमाणे साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असावा तसा असतो. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षाही वर उभं राहून, हील्स घालून, चढावर जेवणाची गाडी ढकलायची आणि वर हसायचं.

लंडनला सकाळी आठला उतरायचं. प्रवासी उतरेपर्यंत, क्रू बस मिळेपर्यंत, हॉटेलात चावी हातात पडेपर्यंत साडेनऊ. मुंबईत तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, आणि शरीर मुंबईतच असतं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखादा तासच सरकतं. लंडनची वेळ त्याला जरा कुठे समजायला लागायच्या आत मी परत मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलेली असते. माझ्या शरीराने आजवर परदेश असा पाहिलेलाच नाही, फक्त डोळ्यांनी पाहिला आहे. डोळे सुजलेले असतात ते वेगळंच.

1997 मध्ये डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात आणि डोळ्यांच्या मेळावरचं नियंत्रण रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि चोवीस तास जागलेल्याचं 0.1 टक्क्याइतकं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे 0.03. आता गंमत बघा. दारूच्या बाबतीत आमच्यावर काकदृष्टी असते, आणि असावीच. उड्डाणाआधी बारा तास थेंब चालत नाही. परदेशातून आलं की भारतात उतरल्यावर नळीत फुंकून दाखवावं लागतं. चुकून आकडा दिसला तर नोकरीवर गदा. पण सत्तावीस तास जागून आलेल्या बाईने फुंकलं की यंत्र शून्य दाखवतं, आणि शून्य म्हणजे सगळं ठीक. झोपेचं यंत्र कुणी शोधलं नाही असं नाही. कुणाला ते विकत घ्यायचं नाही.

अशा अवस्थेत मी काय बघते? तर बघते. मी साध्वी नाही. पडदे ओढून चार तास झोपते, गजर लावून उठते आणि पिकॅडिली लाइन पकडते. पर्यटनाच्या यादीतली ठिकाणं मला फारशी सोसत नाहीत. एकदा ठरवून प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर गेले. लेस्टर स्क्वेअरला गाडी बदलायची, चॉक फार्मला उतरायचं आणि पूल ओलांडून थोडं चालायचं. 10 नंबरचं घर. 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. शेजाऱ्यांना लोकांची ये-जा सोसवेना, स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि शेवटी 2020 मध्ये संग्रहालयाला रीतसर परवानगी मिळाली. रस्ता इतका शांत आणि इतका श्रीमंत की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच उद्धट वाटतो. गल्लीत विटांच्या उंच घरांची सारखीच रांग आहे. निळी गोल पाटी दिसली नसती तर मी पुढे गेले असते.

आत भिंतीवर छायाचित्रं आहेत, मजकूर आहे. एका मजकुरासमोर मी उभी राहिले आणि पहिली ओळ वाचली. परत वाचली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की अक्षरं दिसतायत, पण अर्थ लागत नाही. डोकं बंद झालं होतं. बाजूला नागपूरहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजी हात जोडून उभ्या होत्या, नातू त्यांना एकेक फलक वाचून दाखवत होता, आणि त्या दोघांना तिथे जे मिळत होतं त्यातलं दहा टक्केही मला मिळत नव्हतं. ज्या माणसाने ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसच्या दिवस बसून डोळे झिजवले, त्याच्या घरात मी भिंतीला टेकून जांभया देत होते. आणि याच माणसाने पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणणारी 1946 ची दुरुस्ती मांडली. कामाचे तास मोजायचे असतात आणि विश्रांती हा उपकार नसतो, हे कायद्यात लिहून ठेवणाऱ्याच्या दारात उभं राहून मी हॉटेलात परत जायला किती वेळ लागेल त्याचा हिशेब करत होते. घरी फोन केला तर आई म्हणाली, “बरं झालं, तेवढंच बघून झालं.” बघून झालं खरं.

शिवाय ज्या लंडनच्या नावाने सगळे जळतात ते रोस्टरवर येतं कितीदा? देशांतर्गत कंपनीत असाल तर तुमचं जग म्हणजे पाटणा, रायपूर, गुवाहाटी. हायवेलगतचं हॉटेल, खिडकीतून दिसणारा पेट्रोल पंप, आणि पहाटे चारचं पिकअप. गुवाहाटीला गेलीस तर कामाख्या केलीस की नाही, असं काकू विचारतात. मी कामाख्या केलेली नाही, मिनिमम रेस्ट केली आहे. जपानचं नाव काढलं की लोकांना टोकियो दिसतं. नारिता विमानतळावर मुक्काम असलेला क्रू राहतो नारिता गावात. तिथे इसवी सन 940 पासूनचं शिन्शोजी देऊळ आहे आणि देवळाकडे जाणाऱ्या उतारावर ईल मासा भाजणारी दुकानं आहेत. सुरेख गाव आहे, माझ्या मते लंडनपेक्षा उजवं. पण जगभरच्या क्रूपैकी कितीतरी जणांचं अनेकदा जपानला जाऊनही टोकियो बघायचं राहिलेलंच असतं, कारण तिथे जाऊन-येऊन तीन तास मोडतात आणि ते तीन तास झोपेतूनच काढावे लागतात.

पैशाचं बघा. मुक्कामासाठी भत्ता मिळतो, परदेशात असलं तर परकीय चलनात. ऐकायला डॉलर, पौंड फार भारी वाटतात. लंडनमध्ये साधं एक वेळचं जेवण आणि ट्यूबचं जाणं-येणं केलं की त्यातलं बरंच उडतं. म्हणून बहुतेकजणी ते पैसे वाचवतात, कारण घरचा हप्ता त्यावरच चालतो. क्रूच्या बॅगेत काय असतं ते कस्टमवाल्यांना विचारा. छोटा राइस कुकर, मेतकुटाची डबी, तुपाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळलेली, रेडी मिक्स उपमा, लोणचं. चारतारांकित हॉटेलच्या बाथरूममध्ये एक्झॉस्टखाली कुकर लावायचा, स्मोक अलार्मकडे एक डोळा ठेवायचा आणि बाथटबच्या कडेवर बसून मेतकूट-भात खायचा. वास जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल. ही आमची युरोपमधली खाद्यसंस्कृती. 2024 मध्ये आपल्याकडच्या एका मोठ्या कंपनीने मुक्कामात दोघींना एक खोली असं धोरण आणलं. म्हणजे आता एकीचं विमान मेलबर्नहून आलेलं, दुसरीचं लंडनहून, दोघींच्या रात्री वेगळ्या, आणि एकच पडदा. कर्मचारी संघटनेने विरोध केला, तेव्हा बाहेरून प्रतिक्रिया काय? ‘फाइव्ह स्टारमध्ये राहायला मिळतं आणि वर तक्रार!’

या सगळ्यात आम्ही क्रूवाले धुतल्या तांदळासारखे नाही. किंबहुना या जाहिरातीचे सगळ्यात स्वस्त मॉडेल आम्हीच आहोत. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कन्सीलरने झाकायची, टॉवर ब्रिजसमोर गिरकी घ्यायची, वर गाणं लावायचं आणि खाली लिहायचं ‘ऑफिस व्ह्यू’. पूर्वी एअर इंडियाचा महाराजा गावोगाव फिरल्याची पोस्टर्स निघायची. 1946 मध्ये बॉबी कूका आणि उमेश राव यांनी काढलेला तो महाराजा लंडनला गेला की तिथला वेष करायचा, टोकियोला गेला की तिथला. त्या पोस्टरसाठी कंपनी चित्रकाराला पैसे मोजत होती. आता तेच काम आम्ही झोप मोडून फुकट करतो. नव्या बॅचमधल्या मुली तर ताण घेतात. पॅरिसला आलीस आणि झोपलीस? हे लाज वाटावी असं बोललं जातं. झोपणारीला ‘बोअरिंग’ म्हणतात, न झोपणारी परतीच्या विमानात गॅलीमध्ये कॉफीचं भांडं हातावर ओतून घेते, आणि ते रीलमध्ये येत नाही. लोकांनी आमचा हेवा करावा म्हणून आम्हीच एवढी मेहनत घेतो आणि मग पगारवाढीच्या वेळी लोकांनी आमची कीव करावी अशी अपेक्षा धरतो. दोन्ही एकदम कसं मिळेल?

ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक फ्लाइट अटेंडंट संपावर गेले. मुख्य मागणी ऐकून बाहेरच्या कुणाचा विश्वास बसत नव्हता. विमान जमिनीवर असताना आम्ही जे काम करतो त्याचे पैसे द्या, एवढीच. प्रवासी चढवणं, सामान वर कोंबणं, व्हीलचेअर, लहान मुलं, भांडणं, या सगळ्याचा त्यांना वेगळा पैसा मिळत नव्हता. घड्याळ चालू व्हायचं ते विमान हललं की. सरकारने संप मोडायचा हुकूम काढला, संघटनेने तो मानला नाही, आणि चौथ्या दिवशी जमिनीवरच्या कामाला मोल देणारा करार झाला. आपल्याकडेही फ्लाइंगचे पैसे मुख्यतः उडण्याच्या तासांवर मोजतात. लोक ज्याला ग्लॅमर म्हणतात त्यातला मोठा भाग दार उघडं असताना घडतो, म्हणजे फुकटात.

डिसेंबर 2025 मध्ये आपण विश्रांतीचा दुसरा तमाशा पाहिला. वैमानिकांना आठवड्याला सलग 36 ऐवजी 48 तास विश्रांती द्यायची, रात्रीची लँडिंग कमी करायची, असे नियम पूर्णपणे लागू झाले आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं वेळापत्रक कोसळलं. नियम काही आदल्या रात्री टपकले नव्हते. ते जानेवारी 2024 पासून सगळ्यांना ठाऊक होते. हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे डोंगर साचले. लोक चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पण इलाज काय निघाला? तर नियमांतून तात्पुरती सूट. म्हणजे माणसं पुरेशी न नेमणाऱ्याला मोकळीक आणि झोपेला कात्री. हे वैमानिकांचं झालं, ज्यांच्या हाती विमान असतं. आमच्या हाती ट्रॉली असते असं लोकांना वाटत असल्यामुळे आमच्या झोपेवर कुणी पत्रकार परिषदही घेत नाही.

ट्रॉली. 2 जानेवारी 2024, टोकियोचा हानेदा विमानतळ. जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आत 367 प्रवासी आणि 12 कर्मचारी. केबिनमधली घोषणायंत्रणा बंद पडली. केबिन क्रूने मेगाफोन घेतले, ओरडून सूचना दिल्या, कुठल्या दाराबाहेर आग आहे ते खिडकीतून बघितलं, सुरक्षित दारंच उघडली आणि 379 च्या 379 माणसं जिवंत बाहेर काढली. आमची नेमणूक यासाठी असते. पन्नास आसनांमागे किमान एक क्रू हा नियम चहासाठी केलेला नाही. बाहेर ज्वाळा असलेलं दार उघडायचं नाही, हे त्या क्षणी सुचायला डोकं ताजं लागतं. म्हणून 34 सी वरच्या साहेबांना माझं सांगणं आहे की मी काल लंडनमध्ये काय बघितलं हे विचारू नका. किती झोपलीस हे विचारा. त्यात तुमचा स्वतःचा मतलब आहे.

‘मग सोडा की नोकरी’ हे उत्तर मला पाठ आहे. नाही सोडणार. मला हे काम येतं, चांगलं येतं, आणि आवडतंही. गिरणी कामगाराला कुणी ‘कापड आवडत नसेल तर सोड’ असं म्हटल्याने मजुरीचा प्रश्न सुटला नव्हता.

आता थोडं त्या मुलींसाठी, ज्या पुण्यात, नाशकात, नागपुरात एव्हिएशन अकॅडमीच्या पायऱ्या चढतायत. काचेवर हातात ट्रॉली बॅग घेतलेली हसरी मुलगी आणि मागे परदेशी इमारतींची रांग, असं पोस्टर असतं. आत फीचा आकडा लाखांत असतो. पहिली गोष्ट, तो कोर्स सक्तीचा नाही. बारावी झालेल्या मुलीला कंपनी थेट मुलाखतीला घेते आणि सेफ्टीचं खरं प्रशिक्षण कंपनी स्वतःच देते. वडिलांचा पीएफ मोडायच्या आधी हे घरी सांगा. दुसरी गोष्ट, मुलाखतीत ‘मला ट्रॅव्हलिंगची फार आवड आहे’ असं म्हणू नका. अकॅडमीत ते वाक्य घोकून घेतात. टेबलापलीकडे बसलेल्या बाईंच्या कानाला ते ‘मी कमी पैशांत येईन’ असं ऐकू येतं. त्याऐवजी विचारा, फ्लाइंगचे पैसे रिपोर्टिंगपासून की विमान हलल्यापासून? महिन्याला हमीचे तास किती? स्टँडबायला बोलावलं नाही तर त्या दिवसाचं काय? मुक्कामाला खोली एकटीला की दोघींत? थकव्याचा फटीग रिपोर्ट दिला तर पुढच्या महिन्याचं रोस्टर कसं येतं? हा शेवटचा प्रश्न विचारताना समोरच्यांचा चेहरा नीट बघा. एका वॉक-इन मुलाखतीला आमच्यातल्या एकीने तो विचारला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि गोड हसून म्हणाल्या, “बेटा, यू विल गेट टू सी द वर्ल्ड.” ती म्हणाली, “ते मी रजा काढून बघेन. वर्षाला रजा किती?”